गोटा उचलायच्या आधी

पुतण्या अॅरिझोनात असतो, यंदा मे महिन्यात गावी आला तो खिशात एक जांभळा टॉर्च घेऊनच. तिकडे सोनोरा वाळवंटात त्याला जिओकॅशिंगचा नाद लागलाय, म्हणजे कुणीतरी डब्बा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश टाकतं आणि बाकीचे जीपीएस घेऊन शोधत फिरतात, सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि डब्बा होता तिथेच ठेवायचा. रिकामटेकडे धंदे, असं मलाही वाटलं, पण मग आमच्या गावच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या माळावर घरचाच स्टीलचा डब्बा लपवला आणि पोट्टे कामाला लावले.

१ मे २००० च्या रात्रीपर्यंत अमेरिका सामान्य लोकांचा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायची, चूक शंभरेक मीटरची. ती भानगड बंद झाली आणि ३ मेला ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं एक बादली लपवून आकडे इंटरनेटवर टाकले, तिथून हा खेळ. आता मोबाईल उघड्या आभाळाखाली साधारण ५ मीटरपर्यंत नेतो. उपग्रह २० हजार किलोमीटर वर, सिग्नल यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं, आणि त्यात सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाची गडबड झाली तरी ३ मीटर गेले. ५ मीटर ऐकायला कमी वाटतं पण त्या गोलात जवळपास ८५० चौरस फूट जागा येते, आणि आमच्या माळावर तेवढ्यात गोटेच गोटे.

मी पहिल्याच गोट्याला हात लावला तर पुतण्या ओरडला, "काका, हात नोका घालू!" तिकडचा बार्क स्कॉर्पियन जातीचा विंचू म्हणे वस्तूच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून बसतो, म्हणजे नेमकी आपली बोटं जातात तिथे. रात्री परत गेलो, त्यानं टॉर्च मारला आणि धुऱ्याजवळच्या दगडांत हिरवट-निळा इचू पेटला, नांगीसकट! टॉर्च अल्ट्राव्हायोलेट, दुकानदार नोटा तपासतात तसलाच, तिकडे काही रात्रीच्या डब्ब्यांच्या खुणा त्यानंच दिसतात. विंचवाच्या कवचाच्या वरच्या थरात बीटा-कार्बोलिनसारखी द्रव्यं असतात, ती न दिसणारा प्रकाश पितात आणि दिसणारा सोडतात. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, कवच टणक होतं तशी चमक येते. काऊन चमकतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. (आणि चावलाच तर मांत्रिक नको, सरळ दवाखाना. लाल विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात, प्राझोसिन या औषधानं त्या सैलावतात, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम.)

दिवसा वेगळीच पंचाईत. डब्ब्यापासून सात-आठ पावलांवर टिटवी डोक्यावर झेपा घ्यायला लागली, खाली बघतो तर चार अंडी, मुरमासारखीच ठिपक्यांची, एका पोट्ट्याचा पाय जेमतेम वीतभर लांब. घरटं म्हणजे नुसती खड्यांची खळगी. एवढ्या उन्हात अंडी उकडत काऊन नाहीत? तर टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन बसते, घरचा कूलरच म्हणा ना. सोनोरातला कांगारू उंदीर तर पाणी प्यायल्याशिवाय जगतो, कोरड्या बिया पचताना अंगात जे पाणी तयार होतं त्यावरच भागवतो, पण मला आपलं टिटवीचंच कौतुक जास्त. डब्बा लांब हलवला.

नव्या जागेचे आकडे पोट्ट्यांना द्यायच्या आधीच एका गुराख्यानं तो शोधून काढला, मोबाईल न बघता. "गोटा उलटा होता न जी!" वरचं अंग उन्हापावसानं काळपट, खालचं मातीनं लाल, आणि आम्ही घाईत खालचं वर ठेवलेलं. सोनोरातही दगडांवर लोह-मँगेनीजचा काळा थर असतो, चढायला हजारो वर्षं लागतात, उलटवलेला दगड तिथंही लांबून कळतो. गुराख्यानं वहीत सही केली, गोटा सुलटा ठेवला आणि विचारलं, "आत खायाचं काई नाई ठेवलं का जी?"