गोबीत मुरमाड माळ कोणता आणि चोपण तळ कोणता?

गोबी म्हटलं की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. मंगोलियन माणूस मात्र गोबी म्हणतो ते विरळ गवताच्या खड्याळ माळाला. वाळूला त्यांच्याकडे ‘एल्स’ हा वेगळा शब्द आहे. या माळात मधूनमधून सखल तळ लागतात. पावसाचं पाणी तिथे साचतं, आटतं आणि चिकणमाती व खार मागे सोडतं. त्यांना ‘तोइरोम’ म्हणतात. आपल्या शब्दांत सांगायचं तर पहिला मुरमाड माळ आणि दुसरी चोपण जमीन. लांबून दोन्ही सपाट, कोरडे आणि टणक दिसतात, आणि मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली जड गाडी, हमखास फसतं ते दुसऱ्यात.

मुरमाड माळाचा त्रास सरळ आहे. तो गाडी गिळत नाही, खिळखिळी करतो. चाकोरीत आडव्या लाटा पडलेल्या असतात. मोटरहोम त्यावर ताशी २०-२५ किलोमीटरच्या वर नेऊ नका; कपाटांचे स्क्रू आणि गॅसच्या नळीचे जोड आधी सैल होतात. मोटरसायकल उभं राहून चालवली तर लाटा अंगावर कमी येतात, पण सामानाच्या कॅरिअरचे बोल्ट रोज संध्याकाळी आवळावेच लागतात.

चोपण तळ वेगळा. पूर्ण वाळला तर तो डांबरी रस्त्यासारखा पळू देतो, आणि त्यामुळेच धोक्याचा. वर २ ते ५ सेंटिमीटरचा कडक पोपडा आणि खाली लोण्यासारखा गाळ, अशी अवस्था पावसानंतर बरेच दिवस टिकते. मंगोलियात पाऊस मुख्यतः जून ते ऑगस्ट पडतो, म्हणजे नेमका प्रवासाच्या हंगामात. शिवाय तळावर पाऊस पडायलाच हवा असं नाही. डोंगरात सर आली तरी कोरड्या ओढ्यांतून, म्हणजे ‘साइर’मधून, पाणी खाली उतरतं. ओंगी नदी जिथे संपते तो उलान नूर हा असाच आटलेल्या सरोवराचा तळ आहे. मंदल-ओवू भागातून बायानझागच्या लाल कड्यांकडे जाताना नकाशावर तो आडवा कापणं जवळचं वाटतं, वळसा घ्यावा.

तळाच्या मध्यभागी ओळख पटायला अडचण नाही: फिकट रंग, बहुकोनी भेगा, कडा वर वळलेल्या खपल्या, कुठे पांढरा खार. फसवतो तो काठ. तिथे उतारावरून वाहून आलेले खडे चिकणमातीवर पातळ पसरलेले असतात आणि माळ अजून चालूच आहे असं वाटतं. इथे गवत बघा. ‘देरेस’ नावाच्या उंच, ताठ गवताचे झुबके दिसले, तर खाली पाणी जवळ आहे आणि जमीन खारवट आहे असं समजा.

मग खाली उतरा आणि खडे बुटाने बाजूला सारा. खाली खडे-माती मिसळलेली आणि तंबूची खुंटी ठोकावी लागत असेल तर माळ. खाली खडाच नाही, नुसती गुळगुळीत माती असेल तर तळ. बाटलीच्या झाकणभर पाणी ओता: मुरमात ते जिरतं, चोपणावर थबकतं आणि बोटाने चोळलं की साबणासारखं बुळबुळीत होतं. आता २५ सेंटिमीटरची खुंटी हाताने दाबा. पहिले ३-४ सेंटिमीटर अडून ती पुढे सुर्र्कन आत गेली, तर तिथून मोटरहोम नेऊ नका. ही चाचणी दर दहा-पंधरा पावलांवर करा, एकाच जागी नाही.

टाच आपटून पाहणं पुरत नाही. ७५ किलोच्या माणसाच्या टाचेचा दाब साधारण ३० पीएसआय (टायरची हवा मोजायचं एकक) भरतो, म्हणजे मोटरसायकलच्या टायरइतका. ३५०० किलोच्या मोटरहोमच्या मागच्या टायरमध्ये ७०-८० पीएसआय हवा असते, आणि टायर जमिनीवर साधारण हवेच्या दाबाइतकाच दाब देतो. म्हणून सोबतची मोटरसायकल पुढे पार झाली, हा मोटरहोमसाठी पुरावा नव्हे. हवा ३५ पर्यंत उतरवून ताशी १०-१५ ने गेल्यास पोपडा वाचतो हे खरं. पण वीस-तीस सेंटिमीटर खालच्या गाळाला हवेचा दाब कळत नाही, त्याच्यावर चाकाचं सगळं वजन येतं. ते मोटरहोमच्या मागच्या चाकावर हजार किलोच्या आसपास, मोटरसायकलच्या मागच्या चाकावर दोनशे. त्यामुळे वाळूत चालणारा हवा कमी करण्याचा उपाय इथे अर्धाच चालतो.

मोटरसायकलचं दुखणं दुसरंच. ती रुतण्याआधी तिचं पुढचं चाक अडतं: चिकणमाती मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरेनासं होतं. दर काही मीटरवर टायर लिव्हरने माती खरवडायला लागली की परत फिरा. खोल रुतलीच तर ती आडवी पाडा, खड्डा बुजवा, मग उभी करा. स्टँडखाली फळी हवीच.

मोटरहोम बसू लागलं की अॅक्सिलरेटर सोडा. चाक फिरत राहिलं तर ते स्वतःची विहीर खणतं. आलात त्याच चाकोरीने मागे निघा, कारण त्या जमिनीने तुमचं वजन पेललेलं असतं. निघत नसेल तर सांडपाण्याची टाकी रिकामी करा, पिण्याच्या पाण्याला हात लावू नका. जॅकखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड फळी ठेवा, चाक उचला, खाली माळावरून आणलेले दगड भरा आणि वर रिकव्हरी बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, टाका. गाडी दोराने ओढून काढणारी विंच असली तरी तिचा दोर बांधायला इथे झाड नाही. स्टेपनी मीटरभर खोल पुरून तिला दोर बांधावा लागतो. हे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ट्रकच्या जुन्या चाकोऱ्या तळात शिरताना दिसल्या, तर त्यांच्या कडा बघा. कडा ठिसूळ आणि खोली बोटभर असेल, तर ते कोरड्यात गेले. भिंती गुळगुळीत, चकचकीत आणि वीतभर खोल असतील, तर ते चिखलातून ओढत गेले, आणि त्यांची चाकं तुमच्यापेक्षा मोठी होती. बहुतेक वेळा आजूबाजूला पाच-सहा चाकोऱ्या तळाला वळसा घालून उंच कडेने गेलेल्या असतात. त्यातली सर्वांत बाहेरची धरा.