बंदिश खुली, तालीम मोलाची

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कुणी ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, धंदा उभारायचं म्हटलं, की वडीलधारे विचारतात: जे कुणालाही फुकट उतरवून घेता येतं, त्याचे पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही.

सुरुवातीला सॉफ्टवेअर यंत्रासोबतच मिळायचं. 1969 मध्ये आयबीएमने त्याची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं. पुढे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कुलपात जाऊ लागला. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो या कुलपाविरुद्ध, पैशाविरुद्ध नव्हे. नोकरी सोडल्यावर ते ईमॅक्स या आपल्या खुल्या टेक्स्ट एडिटरची टेप 150 डॉलरला विकत. हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं.

मला 1989 साल सगळ्यात मोलाचं वाटतं. कोड पुढेही खुलाच ठेवायला लावणाऱ्या ग्नूच्या जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती त्याच वर्षी आली आणि खुल्या सॉफ्टवेअरची सेवा विकणारी सिग्नस ही कंपनीही. ग्नूचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड चिपला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम, सगळ्यांना खुला होता. पण नवी चिप बाजारात आणणाऱ्याला तो त्या चिपवर चालवून हवा असे, अडलं तर जबाबदारीने सोडवणारं माणूस हवं असे. सिग्नसने त्याचेच पैसे घेतले.

ग्वाल्हेरकराला हे परकं वाटू नये. घराण्यांनी जपलेल्या बंदिशी संगीतज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी मिळवून स्वरलिपीत छापल्या. 1918 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे माधव संगीत महाविद्यालय निघालं. चीज कागदावर आली, तरी ती गळ्यात उतरवायला गुरूसमोर बसणं सुटलं नाही.

पुढे रेड हॅट कंपनीने लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे डबे विकणं सोडून देखभालीची वार्षिक वर्गणी धरली आणि 2019 मध्ये आयबीएमने ती कंपनी 34 अब्ज डॉलरला घेतली. मग क्लाउडवाले, म्हणजे इंटरनेटवरून संगणक भाड्याने देणाऱ्या कंपन्या, इतरांचा खुला कोड आपल्या सर्व्हरवरून भाड्याने देऊ लागले. म्हणून असा कोड लिहिणाऱ्या मोंगोडीबी कंपनीने 2018 मध्ये आणि इलॅस्टिकने 2021 मध्ये परवाने आवळले. इलॅस्टिकने 2024 मध्ये पुन्हा खुला परवाना दिला. परवाने आवळणं मला पटलेलं नाही, पण या कंपन्यांची अडचण खरी होती.

मुंबईची फ्रापे कंपनी ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब आणि साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली देते आणि ते सर्व्हरवर चालवून देण्याचे पैसे घेते. इथल्या मुलाने तेच सॉफ्टवेअर दाल बाजारातल्या आडत्याकडे बसवलं, त्याच्या मुनिमाला शिकवलं, जीएसटीची बिलं नीट लावून दिली, तर मुंबईला परवान्याचा एक रुपयाही द्यावा लागत नाही. पैसे आडत्या देतो, आणि हिशेब अडला की त्या मुलालाच फोन करतो.