ट्रिलियमची लागवड

पानगळी वनांच्या तळाशी वाढणाऱ्या ट्रिलियम प्रजातीतील बहुवर्षायू ओषधींची घरगुती बागेत केलेली जोपासना. प्रजातीत सु. चाळीस ते पन्नास जाती मानतात. बहुतेक उत्तर अमेरिकेतील, थोड्या आशियातील आहेत. बागेत मुख्यतः ट्रि. ग्रँडिफ्लोरम ही जाती लावतात. तिची पांढरी फुले जुनी होताना गुलाबी होतात. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांताचे ते १९३७ पासून अधिकृत फूल आहे.

प्रजातीचे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांच्या १७५३ च्या ग्रंथातील आहे. कुलाविषयी मात्र एकमत नव्हते. जुने ग्रंथ तिचा समावेश लिलिएसी कुलात करतात, काही अभ्यासक ट्रिलिएसी हे स्वतंत्र कुल मानतात. डीएनएवर आधारलेल्या पद्धतीत ती मेलँथिएसी कुलात येते व येथे तेच ग्राह्य धरले आहे. हिमालयातील नागछत्री या ट्रिलियमसदृश वनस्पतीचे स्थान अधिक वादग्रस्त आहे. तिची संदले (फुलाची बाहेरील दले) व प्रदले (पाकळ्या) जवळजवळ सारखी असल्याने जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कुंथ यांनी १८५० मध्ये ट्रिलिडियम ही वेगळी प्रजाती मांडली. ते नाव दीर्घकाळ मागे पडले होते. अलीकडे त्याकडे कल वाढलेला दिसतो व तो अवाजवी वाटत नाही. नागछत्री खणली जाते ती औषधी मूलक्षोडांसाठी (जमिनीखालील आडव्या खोडांसाठी), बागेसाठी नव्हे.

खोडाच्या टोकाशी दिसणारी तीन ‘पाने’ काटेकोर अर्थाने छदे (फुलाखाली येणारी पानासारखी उपांगे) आहेत. हा भेद केवळ पुस्तकी नाही : अन्ननिर्मिती त्यांच्याकडेच असल्याने फुलाबरोबर ती खुडल्यास मूलक्षोड उपाशी राहते आणि झाड काही वर्षे खुरटते.

बियांना स्निग्ध उपांग असते. त्यासाठी मुंग्या बिया वाहून नेतात. ताज्या, न सुकलेल्या बियाच पेराव्यात. बहुधा पहिल्या हिवाळ्यानंतर फक्त मूळ फुटते व दुसऱ्या हिवाळ्यानंतर एकच बीजपत्र वर येते. पुढे फुलापर्यंत साधारणतः सात ते दहा वर्षे लागतात. त्यामुळे रानातून खणलेले मूलक्षोड विकण्याचा मोह होतो; खरेदी करताना रोप रोपवाटिकेतच वाढविलेले आहे, याची खात्री करावी, नुसते ‘रोपवाटिकेतील’ असे लिहिलेले असणे पुरेसे नाही.

जमीन पालाखताने समृद्ध, ओलसर पण निचऱ्याची असावी. मूलक्षोड शरद ऋतूत ५ ते १० सेंमी. खोल लावतात. उत्तर अमेरिकेत हरणांपासून संरक्षणासाठी कुंपण लागते.