मॅटवरचं जिउ-जित्सू आणि रस्त्यावरचं जिउ-जित्सू: घोळ नेमका कुठे होतो

पणजी असो की फोंडा, जिउ-जित्सूचा, म्हणजे समोरच्याला जमिनीवर पाडून पकडींनी हरवायच्या झुंजीचा, विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक, "जिउ-जित्सू येतं ना, मग घाबरायचं कशाला?" आणि दुसरं, "ते लोळणं रस्त्यावर काही कामाचं नाही." दोघेही स्पर्धेचं आणि स्वसंरक्षणाचं जिउ-जित्सू एकच धरून बोलतात, आणि हे ऐकून ऐकून आता खरंच वैताग आलाय.

स्पर्धेचं सोपं आहे, टेकडाउन (समोरच्याला खाली पाडणं) नि स्वीप (खालून त्याला उलटवून वर येणं) याला 2 पॉइंट, गार्ड, म्हणजे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणं, तो ओलांडला की 3, माउंट, म्हणजे त्याच्या अंगावर बसणं, याला 4, आणि कोणी टॅप केलं, म्हणजे थोपटून हार मानली, की संपलं. गी (जाड कापडाचा, कॉलरवाला पोशाख) घालून खेळायचं की नो-गी, म्हणजे त्याशिवाय, हा वाद तर मला फालतूच वाटतो, पावसात अर्धा गोवा रेनकोट घालून फिरतो, कॉलर मिळाली तर धरा नाहीतर मान धरा.

खरा फरक पाठीवर पडण्यात आहे. मॅटवर गार्ड ओढून स्वतःहून खाली बसता येतं, कारण ठोसे नाहीत, उचलून आपटायला बंदी, मग निवांत स्वीप शोधत बसा. म्हापशाच्या बस स्टँडवर तेच केलंत तर डोकं काँक्रीटवर, वरून ठोसे, आणि त्याचा मित्र बाजूने लाथा घालायला मोकळा. मग गार्ड सोडूनच द्यायचा का? अजिबात नाही! गार्ड तोच, फक्त त्याचं काम बदलतं. पडलातच तर समोरच्याला इतका घट्ट ओढून धरा की ठोशासाठी हात मागे नेता येणार नाही, नाहीतर पायांनी इतका लांब ठेवा की हात पोचणारच नाही, मधलं अंतर सगळ्यात वाईट. आणि जागा मिळाली की उठायचं. उजवा हात मागे जमिनीवर, डावं पाऊल टेकवून, डावा हात तोंडासमोर, कंबर उचलून उजवा पाय खालून मागे खेचायचा आणि उभं राहायचं, नजर त्याच्यावरच. पालथं होऊन गुडघ्यांवर उठणारे बघितले की माझं डोकं फिरतं, अरे, पाठ दिली म्हणजे गळाच दिला ना!

1993 च्या पहिल्या युएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांच्या स्पर्धेत, जिउ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी जिंकला तो व्हिडिओ लोक पुरावा म्हणून दाखवतात. ठोसे मारणाऱ्यावर हे चालतं एवढं त्यातून नक्की कळतं, पण तिथे समोर एकच माणूस होता आणि खाली कॅनव्हास होता.

तरी दोन तासांच्या शिबिरात मनगट सोडवायला शिकलेल्यापेक्षा मी स्पर्धा खेळणाऱ्यावर कधीही जास्त भरवसा ठेवीन. शिबिरात समोरची मैत्रीण हात आपणहूनच सोडते, रोलिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या खऱ्या झुंजीत, कोणी फुकट काही देत नाही, आणि ती सवय दुसरीकडे कुठे मिळत नाही.

चोकचं, म्हणजे गळा आवळायच्या पकडीचंही नीट लक्षात घ्या. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, रस्त्यावर टॅप नसतो, सोडायचं तुम्हालाच. भारतीय न्याय संहितेचं कलम 35 स्वतःला वाचवायचा हक्क देतं, पण कलम 37 प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, त्यामुळे तो ढिला पडल्यावरही दाबत राहिलात तर आरोपी तुम्हीच.

क्लासमध्ये आठवड्यातून एकदा तरी सरांना सांगून असा राउंड घ्या, तुम्ही खाली, वरच्याला हलके फटके मारायची मुभा, आणि तुम्हाला सबमिशन, म्हणजे हार मानायला लावणारी पकड, लावायची नाही, फक्त उठायचं.