युद्धोत्तर जर्मन शिल्पकला

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर पूर्व व पश्चिम जर्मनीत घडलेली शिल्पकला. नाझी राजवटीने आर्नो ब्रेकरसारख्या शिल्पकारांकडून पिळदार अंगाचे अवाढव्य वीरपुरुष घडवून घेतले होते. त्यामुळे १९४५ नंतर माणसाचा पुतळा घडवायचा तरी कसा, हीच शिल्पकारांपुढची अडचण होऊन बसली.

सुरुवातीची वाट जुन्याजाणत्यांनी काढली. एर्न्स्ट बारलाख यांचा ग्युस्ट्रोच्या चर्चमधला ब्राँझचा तरंगता देवदूत नाझींनी १९३७ मध्ये उतरवला व पुढे वितळवला. मित्रांनी गुपचूप ओतून लपवलेली प्रत मात्र वाचली. ती कोलोनच्या अंतोनिटर चर्चमध्ये टांगलेली आहे आणि तिच्यावरून केलेली प्रत १९५३ मध्ये ग्युस्ट्रोला परतली. गेर्हार्ट मार्क्स (१८८९–१९८१) यांनी हँबुर्गच्या ओल्सडॉर्फ दफनभूमीत बाँबहल्ल्यांतील मृतांचे स्मारक केले (१९५२). स्टिक्स नदी, म्हणजे ग्रीकांची वैतरणी, ओलांडणारी नाव आणि तीत मुकाट बसलेली माणसे. आक्रोश कुठेच नाही. लोकांना मात्र मार्क्स आठवतात ते ब्रेमेन शहरातल्या, ग्रिम बंधूंच्या गोष्टीतील गाढव-कुत्रा-मांजर-कोंबड्याच्या शिल्पामुळे (१९५३). गाढवाचे पुढचे पाय हात लावून लावून चकाकतात. दोन्ही हातांऐवजी एकाच हाताने पाय धरला, तर गाढवाने गाढवाशी हस्तांदोलन केले, अशी गावकरी थट्टा करतात.

पूर्वेत फ्रिट्झ क्रेमर यांनी बुखेनवाल्ड छळछावणीचे स्मारक उभारले (१९५८). तिथल्या सत्ताधाऱ्यांना शिल्पात लढून जिंकणारे कैदी हवे होते. म्हणून क्रेमर यांचा पहिला आराखडा त्यांनी परत पाठवला.

पश्चिमेत पुढच्या पिढीने पुतळाच सोडला. ग्युंटर युकर यांनी खिळे ठोकले, तर योझेफ बॉइस (१९२१–८६) यांनी चरबी आणि नमदा (लोकर दाबून केलेले जाड कापड) हाताळला. साध्या लाकडी खुर्चीवर चरबीची तिरकी उतरण, एवढेच त्यांचे एक गाजलेले शिल्प. १९४४ मध्ये क्रिमियात विमान कोसळल्यावर तातारांनी आपल्याला चरबी चोपडून नमद्यात गुंडाळले, असे ते सांगत. अभ्यासक ही कहाणी खरी मानत नाहीत. शिल्पे तिच्यावाचूनही उभी राहतात.

त्यांचे सर्वांत मोठे काम कासेल शहरात आहे. १९८२ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी संग्रहालयासमोर बेसॉल्टचे ७,००० दगड रचून ठेवले. एक झाड लावायचे, त्याच्याशेजारी एक दगड रोवायचा, तेव्हाच ढिगातला एक दगड कमी होणार. कामाचे नाव ‘७,००० ओक’ असले तरी लिंडन, मेपल अशी इतर झाडेही लागली. सुरुवातीला दगडापुढे रोप काडीसारखे दिसे. बॉइस वारल्यानंतर, १९८७ मध्ये, शेवटचे झाड त्यांच्या मुलाने पहिल्याच्या शेजारी लावले.