कॅमेऱ्याचं कार्ड: फॉरमॅट बिघडलंय की कार्डच झिजलंय?

घरच्या कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये 'एसडी कार्ड एरर' दिसलं की बहुतेक जण थेट फॉरमॅटचं बटण दाबतात. कार्ड पुन्हा 'नॉर्मल' दाखवू लागतं आणि विषय तिथेच मिटतो. पण त्या एकाच सूचनेमागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. एकात कार्ड धडधाकट असतं, फक्त त्यावरची फाइलींची मांडणी विस्कटलेली असते. ते फॉरमॅटने खरोखर बरं होतं. दुसऱ्यात कार्डातली चिपच झिजलेली असते. फॉरमॅटनंतर ते काही दिवस चालतंही, पण पुन्हा कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो. कॅमेरा हा फरक सांगत नाही, कारण त्याला एवढंच कळतं की कार्ड वापरायला गेलो आणि ते जमलं नाही.

फरक शोधण्याआधी एक खबरदारी. त्या कार्डावर हवं असलेलं फुटेज असेल तर फॉरमॅटही नको आणि विंडोजची 'एरर चेकिंग' दुरुस्तीही नको. ही दुरुस्ती तुटलेले तुकडे 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरात '.सीएचके' फाइली करून टाकते, आणि मग त्यातून व्हिडिओ जुळवणं आणखी अवघड होतं. आधी संपूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा. कार्ड झिजल्याचा संशय असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं साधन वापरा: ते न वाचल्या जाणाऱ्या जागा सोडून पुढे जातं, चांगला भाग आधी उचलतं आणि अडलेल्या भागाकडे शेवटी वळतं. नंतर त्या इमेजवर फोटोरेक हे फाइली परत मिळवायचं साधन चालवा, मूळ कार्डावर नाही. कॅमेरा स्वतःच्या खास पद्धतीने किंवा एन्क्रिप्ट करून फाइली लिहीत असेल तर फोटोरेकच्या हाती फारसं लागणार नाही, हेही धरून चाला.

मांडणी कशी विस्कटते

कार्डावर व्हिडिओ असतो, आणि कोणती फाइल कुठल्या तुकड्यांमध्ये आहे हे सांगणारा तक्ता असतो. घरगुती कॅमेरे बहुधा फॅट३२ नावाची मांडणी वापरतात, काही एक्सफॅट. या दोन्हींत जर्नल नसतं, म्हणजे 'आता हा बदल करतोय' अशी आगाऊ नोंद ठेवायची सोय नसते. त्यामुळे तक्ता लिहिता लिहिता वीज गेली तर तो अर्धवट राहतो. व्हिडिओ जागेवरच असतो, पण तिथे पोहोचायचा पत्ता चुकीचा झालेला असतो. कॅमेरा पुन्हा सुरू होतो, तक्ता वाचतो, त्याला हिशोब जुळत नाही आणि तो एरर देतो.

वीज गेली किंवा चालू कॅमेऱ्यातून कार्ड उपसलं ही ठळक कारणं. कमी लक्षात येणारं आणि सतत छळणारं कारण म्हणजे अशक्त वीजपुरवठा. अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी पेटतात आणि कॅमेऱ्याला लागणारा करंट एकदम वाढतो. फिरणारा कॅमेरा असेल तर मोटर त्यात भर घालते. अडॅप्टर जेमतेम असेल किंवा वायर लांब आणि बारीक असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. आकडे मांडून बघा: २८ गेजच्या तारेचा (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. पाच मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार, म्हणजे २.१ ओहम. अर्धा अँपिअर करंट वाहिला तरी एक व्होल्टहून जास्त घट होते, आणि ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला चारच्याही खाली मिळतात. त्याच लांबीला २४ गेजची तार लावली तर घट ०.४ व्होल्टच्या आसपास राहते. एरर नेहमी संध्याकाळनंतरच येत असेल तर कार्डाआधी वायर आणि अडॅप्टर बदलून बघा. या एका तपासणीने पुष्कळ निर्दोष कार्डं कचऱ्यात जाण्यापासून वाचतील.

कार्ड कसं झिजतं

फ्लॅश चिपमधल्या प्रत्येक ब्लॉकला पुसून पुन्हा लिहिण्याची मर्यादा असते. चिपच्या प्रकारानुसार ती काहीशे ते काही हजार वेळांची. कार्डातला कंट्रोलर, म्हणजे चिपचं काम सांभाळणारा छोटा प्रोसेसर, लिखाण सगळ्या ब्लॉकवर पसरवतो आणि निकामी ब्लॉकच्या जागी राखीव ब्लॉक वापरतो. राखीव साठा संपला की काही कार्डं लिखाण बंद करून फक्त वाचण्यापुरती उरतात, तर काही एकदम गप्प होतात.

फोटो काढायच्या कॅमेऱ्यात ही मर्यादा सहसा गाठली जात नाही. सुरक्षा कॅमेऱ्याचं गणित वेगळं. २ एमबीपीएसचं (सेकंदाला २ मेगाबिट, आठ बिट म्हणजे एक बाइट) सलग रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ०.२५ एमबी, दिवसाला २१.६ जीबी. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांच्या आत भरतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं जातं. वर्षाला जवळजवळ ७.९ टीबी लिखाण, म्हणजे पूर्ण कार्ड १२० हून जास्त वेळा. प्रत्यक्षातली झीज याहून जास्त, कारण कंट्रोलरला छोटासा बदल करण्यासाठीही मोठा ब्लॉक हलवावा लागतो आणि तक्त्याचे छोटे बदल तर सतत चालू असतात. उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या कॅमेऱ्यात कार्डाचे हाल आणखी वाढतात.

दोन्ही बिघाड एका ठिकाणी एकमेकांत मिसळतात. वीज गेली तेव्हा कंट्रोलर स्वतःची आतली नोंद बदलत असेल तर नवं कार्डही कायमचं निकामी होऊ शकतं. वारंवार वीज जात असेल तिथे कार्ड नवं आहे म्हणजे ते चांगलंच असेल असं धरून बसू नका.

कोणतं काय, हे ओळखायचं कसं

फुटेज हलवून झालं असेल, किंवा ते नकोच असेल, तर कॅमेरा बंद करून कार्ड काढा आणि कॉम्प्युटरला लावा. छोटं कार्ड मोठ्या एसडी अडॅप्टरमध्ये घालून लावत असाल तर त्याच्या बाजूची छोटी लॉकची पट्टी आधी बघा. ती खाली सरकलेली असेल तर चांगलं कार्डही 'राइट प्रोटेक्टेड' दिसतं. कार्डाच्या मागचे आठ पितळी रंगाचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून वाळवून घ्या. कॅमेरा बाहेर, दमट जागी असेल तर निव्वळ एवढ्यानेही काम होतं.

आता क्षमता बघा. ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ जीबीच्या जवळपास दिसणं बरोबर आहे. ते काहीशे एमबीचं, शून्य बाइटचं, किंवा 'नो मीडिया' असं दिसत असेल तर बहुधा कंट्रोलर गेलेला आहे. तिथे फॉरमॅटचा प्रयत्नही करू नका. मात्र 'हे फॉरमॅट करावं लागेल' अशी सूचना आली म्हणून कार्ड खराब ठरत नाही. काही कॅमेऱ्यांची स्वतःची मांडणी कॉम्प्युटरला वाचताच येत नाही. 'कॅन्सल' दाबा आणि कार्ड कॅमेऱ्यात परत लावून तिथे काय दिसतं ते बघा.

कार्ड उघडत असेल तर एक फाइल पुसा, कार्ड सुरक्षितपणे बाहेर काढा, पुन्हा लावा. पुसलेली फाइल परत आली, किंवा फॉरमॅट 'यशस्वी' होऊनही जुनं सगळं तसंच दिसलं, तर कार्ड झिजून फक्त-वाचनाच्या अवस्थेत गेलंय. ही खूण इतकी स्पष्ट आहे की पुढच्या चाचणीची गरज उरत नाही. विस्कटलेल्या मांडणीत असं होत नाही. तिथे विचित्र अक्षरांची फाइलनावं, भविष्यातल्या तारखा, कार्डापेक्षा मोठ्या आकाराच्या फाइली असा गोंधळ दिसतो, आणि फॉरमॅट केल्यावर तो पूर्ण जातो.

रेकॉर्डिंगमधल्या खुणाही बोलक्या असतात. मांडणी बिघडली की एका ठरावीक क्षणापर्यंत सगळं नीट असतं आणि तिथून पुढे काहीच नसतं. तो क्षण बहुधा वीज गेल्याचा किंवा कॅमेरा रीस्टार्ट झाल्याचा. झिजणारं कार्ड आधी अडखळतं. अधेमधे दहा सेकंद, अर्धा मिनिट गायब, प्लेबॅकमध्ये हिरवे-राखाडी चौकोन, अ‍ॅपमध्ये कार्ड कधी आहे कधी नाही. एरर न येता असं होत असेल तर तिकडे सर्वांत आधी लक्ष द्या, कारण ही सुरुवात असते.

पक्का निर्णय लिहून-वाचून

वरच्या खुणांनी निकाल लागला नाही तर कार्ड रिकामं करून पूर्ण भरायचं आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतंय का ते तपासायचं. त्यासाठीची साधनं: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३. आधी एसडी असोसिएशनच्या मेमरी कार्ड फॉरमॅटरने कार्ड फॉरमॅट करा, मग एच२टेस्टडब्ल्यूमध्ये ते ड्राइव्ह निवडून सगळी उपलब्ध जागा लिहून तपासायचा पर्याय द्या. सेकंदाला २० एमबी लिहिणारं ६४ जीबीचं कार्ड भरायला ५० ते ५५ मिनिटं लागतात आणि वाचायला त्याहून बराच कमी वेळ. या चाचणीने कार्डावर एक जादा फेरी होते, तिची चिंता नको.

एकही चूक आली तर कार्ड बाद. 'थोडीशीच चूक आहे' हा विचार इथे उपयोगाचा नाही, कारण ज्या कार्डाने लिहिलेलं एकदा चुकीचं परत दिलं, ते पुढच्या वेळी कुठे चुकेल हे सांगता येत नाही. चूक नाही पण वेग मध्येच सेकंदाला एक-दोन एमबीपर्यंत कोसळतोय, मिनिटभर थांबतोय, तर रीडर आणि यूएसबी पोर्ट बदलून पुन्हा करा. दुसऱ्या रीडरवरही तेच दिसलं तर तेही झिजेचंच लक्षण धरा.

ही चाचणी साध्या फॉरमॅटने टाळता येत नाही. क्विक फॉरमॅट फक्त तक्ता नव्याने लिहितो, बाकीच्या चिपला हातही लावत नाही. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, पण सगळीकडे शून्यंच असल्यामुळे एका जागेचं दुसऱ्या जागी गेलं तरी कळत नाही. नकली क्षमतेचं कार्ड म्हणूनच त्यातून सुटतं. १२८ जीबी लिहिलेलं पण आत ३२ जीबी असलेलं कार्ड पहिल्या ३२ जीबीपर्यंत व्यवस्थित चालतं, मग जुन्यावरच लिहू लागतं आणि मांडणी विस्कटते. प्रत्येक फॉरमॅटनंतर साधारण तेवढ्याच तासांनी एरर येत असेल तर नकली कार्डाचा संशय घ्या. एच२टेस्टडब्ल्यू ते पकडतं.

निकाल लागल्यावर

चाचणीत चूक नाही, म्हणजे मांडणीच बिघडली होती. कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि फॉरमॅट कॅमेऱ्याच्या मेनूतूनच करा, कॉम्प्युटरवर केलेल्यावर भिस्त ठेवू नका. ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डाला कॉम्प्युटरवर बहुधा एक्सफॅट मिळतं आणि फॅट३२ मागणाऱ्या कॅमेऱ्याला ते चालत नाही. मग वीजपुरवठा सुधारा: कॅमेऱ्यावर लिहिलेल्या अँपिअरचा अडॅप्टर, जाड आणि शक्य तितकी आखूड वायर, आणि वीज वरचेवर जात असेल तर छोटा यूपीएस. कार्ड काढायचं असेल तेव्हा अ‍ॅपमध्ये 'अनमाउंट' (कार्ड सुरक्षितपणे सोडवण्याचा पर्याय) असेल तर ते वापरा, नसेल तर कॅमेरा बंद करूनच काढा. हे सगळं करूनही महिन्याभरात पुन्हा तोच एरर आला तर चाचणी पुन्हा करा. बऱ्याचदा दुसऱ्या खेपेला झीज उघड होते.

एरर नसून 'कार्ड भरलं' एवढंच येत असेल तर लूप रेकॉर्डिंगचा, म्हणजे जुन्यावर नवं लिहिण्याचा, पर्याय बंद आहे का तेवढं बघा.

कार्ड झिजलं असेल तर नव्या कार्डाच्या वेगावर पैसे घालवू नका. क्लास १० किंवा यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३० एमबी. कॅमेऱ्याला लागतात त्याच्या अंशभर. ए१, ए२ ही चिन्हं फोनमधल्या अ‍ॅपसाठी आहेत. बघायचं ते 'हाय एन्ड्युरन्स' (सततचं लिखाण सोसणारं) आणि त्यासोबत लिहिलेले तास, आणि ते तास कोणत्या बिटरेटचे, म्हणजे किती एमबीपीएसच्या रेकॉर्डिंगचे, हेही. समजा ६४ जीबीच्या कार्डावर २६ एमबीपीएसचे ५,००० तास लिहिले आहेत. २६ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३.२५ एमबी, म्हणून एकूण ५८.५ टीबी लिखाण. आपल्या ७.९ टीबी वर्षाच्या हिशोबाने कागदावर सात वर्षांहून जास्त. उष्णता आणि छोट्या लिखाणाचा भार धरून निम्म्यावर भरवसा ठेवावा. ४ एमबीपीएसवर रेकॉर्ड करत असाल तर तेही अर्धं करा.

कॅमेरा जेवढं पेलतो त्या मर्यादेत मोठं कार्ड घेतलं तर फायदा दुहेरी: फुटेज जास्त दिवस राहतं आणि तेवढंच लिखाण जास्त ब्लॉकवर पसरल्यामुळे झीज त्याच प्रमाणात कमी होते. जिथे चालेल तिथे सलग रेकॉर्डिंगऐवजी हालचाल दिसल्यावरच रेकॉर्डिंग ठेवा. मात्र झाडाच्या फांद्या किंवा वाहता रस्ता नजरेत असेल तर हालचालीचा भाग आखून द्या, नाहीतर दिवसभर रेकॉर्डिंगच चालू राहतं. नवं कार्ड कॅमेऱ्यात घालण्याआधी एकदा एच२टेस्टडब्ल्यूमधून काढा, त्यावर लावल्याची तारीख बारीक मार्करने लिहा, आणि महिन्यातून एकदा अ‍ॅपमध्ये जाऊन दोन-तीन दिवसांपूर्वीचं रात्रीचं रेकॉर्डिंग चालवून बघा. 'नॉर्मल' हा शब्द फक्त कार्ड ओळखलं गेलंय एवढंच सांगतो. त्यावरचं वाचता येतंय की नाही हे प्लेबॅकशिवाय कळत नाही.