नळीने चीक पाजणे

नळीने चीक पाजणे : नुकत्याच जन्मलेल्या, आपण होऊन ओढून पिऊ न शकणाऱ्या वासराच्या किंवा रेडकाच्या अन्ननलिकेत नळी उतरवून त्याला चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, देण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या सीमाभागातील तालुक्यांत खिलार, कृष्णाकाठची गाय, पंढरपुरी म्हैस यांच्याबरोबर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या विदेशी जातीच्या संकरित गाई गोठ्यात आल्या. थोराड वासरामुळे गाय अडली आणि वासरू ओढून काढावे लागले, की ते थकलेले, जीभ सुजलेले असते व सड तोंडात धरत नाही. नळीची गरज बहुधा अशाच वेळी पडते.

‘चीक’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकवाक्यता नाही. काही जण तो संस्कृत ‘चिक्कण’शी जोडतात, काही देशी मानतात. रुईचा चीक, कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक हे प्रयोग पाहता ‘चिकटणारा द्रव’ हा मूळ अर्थ आणि वेतानंतरचे दूध हा त्याचा विस्तार, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. संस्कृतात यासाठी ‘पीयूष’ हा शब्द असून अमरकोशात त्याचा अर्थ ‘अभिनव पय’ असा दिला आहे. अमृतासाठीही तोच शब्द येतो. मनुस्मृतीत गाईचे ‘पेयूष’ माणसाने वर्ज्य करावे असे म्हटले आहे. काही अभ्यासक हा विटाळाच्या कल्पनेचा भाग समजतात, तर काहींना त्यात वासराचा वाटा राखण्याचा हेतू दिसतो. संदर्भ भक्ष्याभक्ष्याच्या यादीचा असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. कन्नडमध्ये ‘गिण्णु’ हा शब्द असून चिकापासून केलेला खरवसही त्याच नावाने ओळखला जातो. पोटात नळी घालून अन्न देण्याची कल्पना माणसांच्या वैद्यकातून आली असावी. चांदीच्या नळीचा उल्लेख १६१७ च्या सुमाराचा, तर शल्यवैद्य जॉन हंटर याने ईल माशाच्या कातडीची नळी वापरल्याचा १७९० च्या आसपासचा सांगितला जातो.

गाय व म्हैस यांच्या वारेतून प्रतिपिंडे (रोगांशी लढणारी प्रथिने) गर्भाकडे जात नाहीत. त्यामुळे वासरू जवळजवळ कोणत्याही संरक्षणाविना जन्मते आणि चीक हाच त्याचा पहिला आधार असतो. आतड्याची प्रतिपिंडे अखंड शोषण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते; ६ तासांनंतर ती झपाट्याने उतरते आणि सुमारे २४ तासांत संपते. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत या भागात अजून ऐकू येते. वार पडायला साधारण ८ ते १२ तासही लागू शकतात. म्हणजे वाट पाहण्यातच वासराचे मोलाचे तास निघून जातात. वार आणि चीक यांचा असा कोणताही संबंध नाही. उलट वासराने सड ओढल्याने गाईचे गर्भाशय आकुंचन पावते व वार सुटायला मदतच होते.

मात्रा वजनाच्या १० टक्के धरतात : ४० किलोच्या संकरित वासराला ४ लिटर, २० ते २५ किलोच्या खिलार वासराला २ ते २.५ लिटर. पहिला मोठा हिस्सा पहिल्या २ तासांत द्यावा. चीक ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे हाताला कोमट लागेल इतका असावा. ब्रिक्स मापकावर (चिकाचा दाटपणा मोजणाऱ्या उपकरणावर) २२ टक्के किंवा अधिक आकडा आला तर चीक चांगला समजतात. पहिल्या धारांचा चीक वासराचा. खरवस त्याचे पोट भरल्यावर.

नळीने दिलेला चीक प्रथम कोठे जातो, हा जुना वाद आहे. वासरू चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटाची खोबण मिटून नळीसारखी होते आणि दूध थेट चौथ्या पोटात पडते. नळीने पाजताना ती मिटत नाही, चीक कोटी पोटात (चारांपैकी पहिल्या पोटात) साचतो. यावरून नळी निरुपयोगी ठरवणारे होते. परंतु नवजात वासराचे कोटी पोट लहान असते. ते भरले की चीक लवकरच पुढे उतरतो. मात्रा पुरेशी असेल तर शोषणात फारसा फरक पडत नाही, दीड लिटरसारख्या कमी मात्रेत मात्र बाटली सरस ठरते. म्हणून आधी बोट चोखायला देऊन पाहावे; चोखत असेल तर रबरी बूच लावलेली बाटलीच बरी.

नळीच्या टोकाला गुळगुळीत बोंडी असते, तिच्यामुळे ती श्वासनलिकेत सहसा शिरत नाही. सलाईनची मऊ नळी नरसाळ्याला जोडून काम भागवणे धोक्याचे : ती वाकडी जाते, वासरू ती चावून तोडतेही. नाकाच्या टोकापासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत नळी मापून चिकटपट्टीची खूण करतात. वासरू उभे किंवा छातीवर बसलेले, पाठ भिंतीला, नाक कानांपेक्षा खाली. चिकात भिजवलेली नळी जिभेवरून हळूहळू, गिळण्याबरोबर सरकवावी. मग गळ्याच्या डाव्या बाजूला बोटे फिरवावीत. एक कडक, वळ्यावळ्यांची श्वासनलिका आणि तिच्याशेजारी दुसरी, आत घातलेली नळी, अशा दोन नळ्या हाताला लागल्या पाहिजेत. एकच लागली तर लगेच बाहेर काढून पुन्हा घालावी. ठसका लागला नाही म्हणून खात्री धरू नये; अशक्त वासरू ठसकतही नाही आणि चीक फुफ्फुसात जातो. नळीला जोडलेली चिकाची पिशवी दाबायची नाही, उंच धरून चीक आपल्या वजनाने उतरू द्यायचा. काढताना नळी मुडपून धरावी, नाहीतर शेवटचे थेंब घशात सांडतात.

मान न धरणाऱ्या, गिळू न शकणाऱ्या वासराला नळी घालू नये; डॉक्टरांना बोलवावे. खानापूरच्या पावसात व्यायलेल्या गाईचे वासरू गारठलेले असेल, तोंडात बोट घातल्यावर थंड लागत असेल, तर आधी गोणपाटाने चोळून कोरडे करून ऊब द्यावी.

हगवण लागलेल्या वासरांसाठी नळी वेगळी ठेवतात. वापरानंतर आधी कोमट पाण्याने विसळावी, कारण कढत पाण्याने चिकातली प्रथिने आतून चिकटून बसतात. नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन बोंडी खाली राहील अशी टांगून वाळवावी. बोंडीला चावल्याची खरखर लागली तर नळी टाकून द्यावी.